सेठच्या गादीवरचा चहा

खोटं बोलणाऱ्यानं एकदा बोलावं आणि मोकळं व्हावं. गुलाबचंद धकाते मात्र एकच खोटं दर शनिवारी बोलला, तेही सव्वीस वर्षं, आणि तेही घरच्या बायकोशी! म्हातारपणी ते भर रस्त्यात आडवं येईल, हे त्याला काय ठाऊक?

गोष्ट अशी. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत त्याच्या घरी हातमाग होता. गुलाबचंद लुगडी विणायचा आणि त्याची बायको तुळजाबाई दारापाशी बसून त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचा चरखा म्हणजे काय, तर भंगारातून आणलेलं सायकलचं चाक. ते फिरवलं की सूत कांडीवर चढायचं. शनिवारी लुगड्यांचा गठ्ठा कॅरिअरवर करकचून बांधून गुलाबचंद सायकलनं गांधीबागेच्या कापडबाजारात, लुगडी विकत घेणाऱ्या सेठच्या दुकानी जायचा. दुपार ढळल्यावर परतायचा आणि टोपी खुंटीला लावता लावता सांगायचा, "सेठनं गादीवर बसवलं वं. चहा पाजला. म्हणे, इतकं साफ सूत कोणाच्याच लुगड्यात नाही. कांडी भरते कोण?"

तुळजाबाई चहा टाकायला आत जायची. पण सोमवारी तिचं चाक असं गरगरायचं की शेजारीण विचारायची, आज काय झालं वं तुळजा?

आता खरं काय होतं? गादी सेठची, विणकराची कुठली! विणकरानं बाहेर पायरीवर उन्हात बसायचं, मुनीम हाक मारेल तेव्हा गठ्ठा सोडायचा. मुनीम लुगडं उजेडात धरून नाक मुरडायचा, एखादी गाठ दिसली की बाजूला भिरकावायचा. चहा सोडाच, पाणीसुद्धा मागून प्यावं लागायचं. हे घरी जाऊन कोणत्या तोंडानं सांगावं? पहिल्या शनिवारी गुलाबचंदच्या तोंडून गादी निघाली, दुसऱ्या शनिवारी चहा. खोट्याला पाय नसतात म्हणतात. याचं खोटं सायकलवर बसून घरी यायचं.

माग बंद पडूनही आता वीस वर्षं झाली. चरखा माळ्यावर गेला, सायकल अंगणात गंजत राहिली. आणि या डिसेंबरात नात प्रणाली नाचत घरी आली. रविवारी सकाळी महालपासून संविधान चौकापर्यंत रस्त्यावर एकही गाडी नाही, नुसत्या सायकली! तिनं त्या सायकलफेरीत आजोबांचं नावसुद्धा देऊन टाकलं होतं.

"पोरी, सायकलचं पुढचं चाक सडलं ना," गुलाबचंद म्हणाला.

"चरख्याचं लावा," तुळजाबाई आतून बोलली. "आन मी मागं बसीन. त्या कॅरिअरवर जन्मभर गठ्ठाच बसला, मी कधी बसली नाही."

म्हातारा असा खुलला म्हणता! तिनं इतकी वर्षं जपलेला चरखा त्याच्यासाठी मोडायला काढला होता. पण ती तेवढ्यावर थांबली असती तर!

"रस्ता गांधीबागेजवळूनच हाय म्हणते प्रणाली. मले सेठचं दुकान दाखवा. ते गादी एकदा पाह्यची हाय."

झालं! पुढचे दोन दिवस त्याला घास गोड लागेना. इतक्या सकाळी दुकान कशाला उघडं असतंय, आणि आपण सरळ निघूनच जाऊ, असं मनाशी ठरवून तो रविवारी निघाला.

रस्ता बघून मात्र त्याला सगळ्याचा विसर पडला. ना हॉर्न, ना धूर. नुसत्या घंट्या! कोवळं ऊन, टपरीवरून येणारा तर्रीपोह्यांचा वास, आणि पाठीमागं त्याचा स्वेटर घट्ट धरून बसलेली तुळजाबाई. एके काळी हा रस्ता रोजच असा असायचा. मागवाले, हमाल, शाळामास्तर, सगळे सायकलवर, आणि जो तो दुसऱ्याला ओळखायचा. गिअरच्या सायकलीवरची पोरं "आजोबा, एक नंबर!" म्हणत पुढं जात होती. गुलाबचंदला वाटलं, पायांत पुन्हा पंचविशीतलं रक्त आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही थंडीचं नव्हतं.

आणि इथंच घात झाला. गांधीबागेचं वळण आलं, सगळे सरळ गेले आणि याच्या हातांनी सवयीनं हँडल गल्लीत वळवलं. सव्वीस वर्षांचे शनिवार हातांत मुरलेले, ते थोडेच ऐकतात! भानावर आला तेव्हा सायकल सेठच्या दुकानापुढं उभी होती. शटर बंद, पाटी नवी. पायरी मात्र तीच.

"बंद हाय वं. चाल," तो घाईघाईनं म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या टपरीतून हाक आली. चहावाला भैयाजी होता, तेव्हाही तिथंच होता. "अबे गुलाब! तुही पायरी रिकामीच हाय बे! उन्हात बसून बसून तूच तं घासली ते. तवा कधी माह्या हातचा एक कप घेतला नाही, आज तं घे!"

गुलाबचंदची मान खाली गेली. तुळजाबाई हळूच उतरली, पायरीवर बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बसा जी."

"वं, मी तुले..."

"मले माहीत होतं. सेठकडं चहा पिऊन आलेला माणूस घरी येऊन उभ्या उभ्या दोन कप पेते का? आन गादीवर बसणाऱ्याले इतलं ऊन लागते?"

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती, तं पुढच्या शनिवारी तुम्ही काय घेऊन आले असते?"

भैयाजीनं दोन कप आणून ठेवले. तुळजाबाईनं कप उचलला नाही. शटरकडं बघत म्हणाली, "चहाचं जाऊ द्या. पण कांडीची तारीफ? ते तं सेठ करे ना?"

खोटं जिभेवर तयारच होतं. हो म्हटलं की संपलं. पण समोर सायकल उभी होती, आणि तिच्या पुढच्या चाकाची एकेक काडी तुळजाबाईच्या हातानं गुळगुळीत झालेली होती. गुलाबचंदला काही हो म्हणवेना.

"सेठनं तुही कांडी कधी पाह्यलीच नाही वं. तारीफ माही होती. मागावर बसलो की तुहं सूत कुठं अटके नाही. मले तोंडानं सांगता येये नाही, म्हणून सेठचं नाव घेतलं."

तुळजाबाईचे डोळे भरून आले. पदरानं पुसून तिनं कप हातात घेतला.

"घरातली गोष्ट घरात सांगाले इतक्या दूर येत होते जी तुम्ही?" ती म्हणाली. "आता पुन्हा सांगा. सेठले मधात आणू नका."