आपलंच सरकार

आमच्या ह्यांनी संसार कमी आणि लेबर पार्टी जास्त केली, असं मी हसत हसत सांगते, पण ते खरंच आहे. श्रीनिवास इंग्लंडात ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, युनियनमध्ये गेले आणि तिथून पार्टीत. मग अठरा वर्षं टोरींचं, म्हणजे समोरच्या हुजूर पक्षाचं, राज्य. कारखान्यातली माणसं कमी झाली, विजेचं बिल वाढलं, अगदी बस चुकली तरी ह्यांच्या लेखी दोष टोरींचा. सत्त्याण्णव साली लेबर निवडून आलं तेव्हा मला पेढे करायला बसवलं आणि गल्लीत घरोघरी वाटले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, नातवंड झालं का?

पुढे दर महिन्याला एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये लोक आपली गाऱ्हाणी घेऊन खासदारांकडे येत. तिथे खुर्च्या मांडायच्या आणि घाबरलेल्या माणसाला "काळजी करू नका, आपलं सरकार आहे" असं सांगायचं, हे काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

२००५ साली आसावरी आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आली. नागपूरची डॉक्टर, इथल्या परीक्षा पास झालेली, आणि लवकरच हॉस्पिटलात लागली. जेवायला आमच्यातच असे. भारतीय नागरिकालाही इथे मत देता येतं, म्हणून ह्यांनी लगेच तिचं नाव मतदार यादीत घातलं. वरची खिडकी रस्त्यावरून चांगली दिसते, तिथे लेबरचं पोस्टर तिनंच चिकटवलं. तिचं इथलं पहिलं मत ह्यांनी सांगितलं तिथेच पडलं.

पुढच्या वसंतात सरकारनं नियम बदलला. हॉस्पिटलनं आधी ब्रिटिश किंवा युरोपातला डॉक्टर शोधायचा, नाहीच मिळाला तर भारतातला.

"काका, माझी पोस्ट ऑगस्टला संपते," आसावरी म्हणाली. "नेक्स्ट जॉबसाठी कुणी शॉर्टलिस्टच करत नाहीये."

"बघू आपण. आपलं सरकार आहे," हे म्हणाले. या वेळी आवाज खाली होता.

त्या शनिवारी ह्यांनी नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या आणि मग टाय सारखा करून त्यातल्याच एकीवर आसावरीच्या शेजारी बसले. ओळखीचे लोक पुढे जा म्हणाले, पण ह्यांनी रांग मोडली नाही. मला बघवेना. खासदारांच्या मदतनीस मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आय अ‍ॅम सो सॉरी, श्रीनिवास. रूल सगळ्यांना सेम आहे. आमच्या हातात काही नाही." मग उठता उठता तिनं विचारलं, "खुर्च्या तुम्हीच आवराल ना?"

ह्यांनी आवरल्या.

ऑगस्टमध्ये आसावरी नागपूरला परत गेली. निघताना वाकून नमस्कार केला आणि उलट ह्यांचीच समजूत घातली, "काका, तुम्ही तरी काय करणार होतात?" ते वाक्य ह्यांना फार लागलं. त्यानंतर बातम्या लागल्या की हे उठून बागेत जायचे.

पुढच्या मे महिन्यात कौन्सिलच्या निवडणुका आल्या. पार्टीकडून पत्रकांचा गठ्ठा आणि पोस्टर आलं. मला वाटलं, या वेळी परत पाठवतील. पण हे पोस्टर घेऊन वर गेले ते खाली येईनात. बघायला गेले तर आसावरीच्या रिकाम्या पलंगावर बसले होते.

"अहो, नका लावू. कोण विचारतंय?" मी म्हणाले. "तुम्हाला राग नाही येत?"

"येतो गं. पण धरू कुणावर? अठरा वर्षं राग धरायला ते होते. आता आपणच आहोत."

"मग सोडा ना पार्टी."

"सोडून कुठे जाऊ? त्यांच्याकडे?"

हे उठले, पोस्टर काचेवर धरलं आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला.

"चिकटपट्टी दे."

मी दिली.