रखमाजीचे न हलणारे हात

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात रखमाजी गाड्यांवरचा ऊस उतरवायचा. वसाहतीत आमची घरं शेजारी. एवढ्या ताकदीचा माणूस आमच्या ओळीत दुसरा नव्हता.

१९९५ च्या हंगामात मुकादमाकडं बारसं होतं. दिवसभर मोळ्या उचलून रखमाजी दमलेला, भुकेला. पुरणपोळ्या नि गुळवणी पोटभर जेवून तो घरी येऊन आडवा झाला. सकाळी त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं हाक मारली, तेव्हा तो टक्क जागा होता.

"उठा की, भोंगा झाला."

"हात उचलत न्हाई," तो म्हणाला. "पाय बी न्हाई."

तिला चेष्टा वाटली. तिनं त्याचा हात वर उचलून सोडला, तर तो तसाच अंथरुणावर पडला. तिच्या ओरडण्यानं आम्ही जमलो. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं बाहेरचं काही. रखमाजीला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या ओठावर माशी बसली होती, ती चतुराबाईनं हाकलली.

जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. बाटली संपत आली तशी त्याची मानही ढिली पडली. तिथले डॉक्टर घाबरले नि म्हणाले, जालन्याला न्या. चतुराबाईनं मलाही सोबत घेतलं.

जालन्यातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, रात्री जेवण काय होतं? मग रक्त तपासलं. त्यात पोटॅशियम, अंगातला एक क्षार, फार कमी निघालं.

"मंग हे कुठं गेलं?" चतुराबाईनं विचारलं.

"कुठं गेलं नाही, याच्याच अंगात आहे," डॉक्टर म्हणाले. "आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीभोवती चरबीचा दुपदरी पातळ पडदा. क्षार चरबीतून जात नाहीत, म्हणून त्या पडद्यात त्यांच्यासाठी प्रथिनांच्या वाटा असतात, पंप असतात. गोड खाल्लं की शरीर पेशींना साखर आत घ्यायला सांगतं, त्याच वेळी पंप पोटॅशियमही आत ओढतात. तुमचं-माझं थोडं जातं. याच्या स्नायूंच्या पडद्यातली एक वाट जन्मापासून बिघडलेली आहे. म्हणून रक्तातलं पोटॅशियम एवढं उतरलं की हे स्नायू बंदच पडतात. मेंदू सांगतो, पण ते ऐकत नाहीत."

"आन् सलाईन?" मी विचारलं.

"त्यात साखर होती."

चतुराबाई म्हणाली, "मंग ती वाट नीट करा, सायेब."

"ती कुणालाच नीट करता येत नाही, बाई."

पोटॅशियमचं कडवट औषध चमच्या-चमच्यानं पाजलं. संध्याकाळी त्याची बोटं हलली. निघताना डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: हे मुलांतही उतरू शकतं. त्यांची मुलगी बेबीनंदा तेव्हा सहा वर्षांची होती.

रखमाजीचं ऊस उतरवणं सुटलं. त्याला फाटकावर बसवलं. गोड बंद झालं, जेवण कमी झालं, तरी अधूनमधून सकाळी तो तसाच पडलेला सापडायचा. एकदा मला म्हणाला, "समदं बराबर ऐकू येतं. घरातले माझ्यासमोर रडून राह्यले, आन् मला त्यांच्याकडं तोंड सुद्धा फिरवता येत न्हाई."

बेबीनंदा नववीत असताना शाळेच्या खेळांत दिवसभर पळाली. बक्षीस मिळालं म्हणून आईनं शिरा केला. सकाळी बेबीनंदानं हाक मारली, "आण्णा, पाय उचलंना."

हाक ऐकून मी दारातून डोकावून पाहिलं; रखमाजी जागचा हलला नाही. मला वाटलं, त्यालाही झटका आला. मग तो उठला, औषध आणलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन पाजलं.

"जल्दी बरं वाटंल का?" तिनं विचारलं.

"वाटंल."

"कवा?"

 रखमाजी तिचे तळवे चोळत बसला. चोळून काही होत नाही, हे त्याला माहीत होतं.

दुपार उलटल्यावर तिला उभं राहता आलं. रखमाजी त्या दिवशी ड्युटीवर गेला नाही. ओट्यावर बसून राहिला. चतुराबाई चहा घेऊन आली नि हळूच म्हणाली, "यात तुमची चूक न्हाई."

"माहीत हाय," तो म्हणाला. "मंग मी बोल कुणाला लावू?"

तिनं कप त्याच्याजवळ ठेवला आणि ती त्याच्या शेजारी बसली.