महाळुंगेत कार्बोरेटर लावला तेव्हा

साताऱ्याहून सकाळी निघालो. खंबाटकीच्या चढावर गाडी गुदमरायला लागली. तीस वर्षांची मोटारसायकल. तिचा कार्बोरेटर मी घरीच, नुसत्या कानाने लावतो. हवेचा स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे, आवाज एकसारखा झाला की झालं. आयटीआयमध्ये जन्मभर हेच शिकवलं. यंदा मात्र काही केल्या जमेना, म्हणून कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवून घ्यायला निघालो होतो. माझी जुनी विद्यार्थिनी मंगल महाळुंगेला राहते. कंपनीत इंजिनं तपासते आणि सुट्टीला घरी गाड्या दुरुस्त करून देते.

रावेतच्या उंच इमारती मागे पडल्या. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, आणि दोन कारखान्यांच्या मधे कांद्याचं एखादं चुकार शेत. महाळुंगेच्या फाट्यावर डावीकडे वळलो, तोच मागे कचकन ब्रेक वाजला. वीतभर अंतरावर कंटेनर थांबला होता. काकड्या विकणारे एक आजोबा ओरडले, "कवाधरनं (केव्हापासून) हॉर्न मारतोय त्यो! ऐकू येत न्हाई व्हय?"

मंगलच्या अंगणात हा किस्सा मी हसत सांगितला. ती हसली नाही. तिने प्लग काढला, काजळीने काळाकुट्ट.

"सर, पेट्रोल जास्त जातंय."

"मला तर आवाज बरोबर वाटला होता."

तिने प्लग पुसून गाडी चालू केली आणि स्क्रू फिरवायला घेतला. "बरोबर वाटलं की थांबवा."

मी बराच वेळ ऐकलं. मग म्हणालो, "थांब."

तिने इंजिन बंद केलं. हळूच म्हणाली, "सर, ते मघापासून अडखळतंय."

मी म्हणालो, "म्हणून तर इंजेक्शन बसव. सेन्सर आणि लॅपटॉप काय ते बघतील. कानाचं कामच नाही."

"इंजिन लॅपटॉप ऐकेल, सर. मागचा कंटेनर कोण ऐकणार?"

तिने इंजिनचे फेरे मोजणारा आरपीएम मीटर लावला आणि माझा तळवा टाकीवर ठेवला. स्क्रू फिरत गेला तशी हाताखालची थरथर हळूहळू एकसारखी झाली. मीटरचा आकडाही स्थिरावला. "आधी कान दाखवून या," ती म्हणाली, "मग इंजेक्शन मी स्वतः बसवते." जेवायला बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ होती. विद्यार्थिनीच्या घरी मी मान खाली घालून जेवलो, पण दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

परतताना खंबाटकीचा घाट गाडीने एका दमात पार केला. मी मात्र वाटभर आरशात बघत आलो. इतकी वर्षं पोरांना सांगत होतो, बिघाड आधी कबूल करा, मग पाना उचला. स्वतःवर वेळ आली तेव्हा सरळ कार्बोरेटरच बदलायला निघालो होतो.

घरी पोहोचल्यावर बायकोला सांगून टाकलं, "मला ऐकू कमी येतं, डाव्या कानाने तर येतच नाही."

ती ताट वाढत म्हणाली, "दोन वर्षं मी तुमच्या उजवीकडे बसते, ते काय उगाच?"