दारापायी

"वहिनी, तुझ्या दारापायी आमच्या पोरींच्या संडासाचं दार गेलं!"

दारातून शिरणाऱ्या नणंदेचं ऐकून डबा भरणारी बाई थांबली. "चोरीला?"

"चोरीला गेलं असतं तर परवडलं असतं! हेडमास्तरांनी उचकटलं आणि वर्गात नेऊन भिंतीला टेकवलं. दोन दिवस पोरी दुपारपर्यंत कळ काढून घरी पळतायत. आणि आज तपासणीचे साहेब पाठ बघायला येणार, तोही माझाच. माझी नोकरी अजून कच्ची. पाठ फसला की गेली."

नणंदही मास्तरीणच, दोन गल्ल्या पलीकडच्या सकाळच्या शाळेत; बाईची शाळा दुपारची. बाईला मात्र सगळ्या शाळा 'भंगारबाई' म्हणत. तुटकी कुलपं, सायकलची चेन, बरण्यांची झाकणं असलं काहीबाही पिशवीत घेऊन ती शिकवायला निघायची. नवरा म्हणायचा, "मला तेवढं वर्गात नेऊ नकोस." ती म्हणायची, "तुमचा पाठ अवघड आहे, पोरांना झेपायचा नाही."

मागल्या महिन्यात तिच्या शाळेत एक मोडकं दार पडून होतं. ते वर्गात ओढून तिनं विचारलं, "हे रंगवायचं तर रंग किती लागेल?" पोरं दारावर आडवी झाली, विती टाकल्या, एकमेकांच्या उरावर बसून भांडली आणि क्षेत्रफळ शिकून उठली. साहेब ते पाहून हरखले. शिकवण्यात कल्पकता हवी ती ही! हुकूम सुटला : प्रत्येक शाळेनं याच नमुन्यावर दाराचा पाठ घ्यावा. आता मोडकं दार काय झाडाला लागतं? कुणी सुताराच्या पाया पडलं, कुणी घरचं माळ्यावरचं आणलं. नणंदेच्या हेडमास्तरांना हाताशी सापडलं ते संडासाचं.

"वन्सं, आमच्याकडे दार मोडलं होतं म्हणून मी दार घेतलं. तुमच्या शाळेत काय मोडलंय?"

"हेडमास्तर."

बाई खो खो हसली. मग चप्पल अडकवत म्हणाली, "आता दारही मोडलंय. चला, तेच पुन्हा बसवा. हाच पाठ."

"आणि साहेब?"

"साहेबांना घर नाही की दार नाही? कळेल त्यांना."

दोघी शाळेत गेल्या, आणि नणंदेनं पोरींकडून दार संडासापाशी आणवलं. दार उचकटताना खालची फळी फुटली होती. पोरींनी चौकट मापली, दार मापलं, उरलेलं अंतर काढलं. एकीचं उत्तर हातभर, दुसरीचं बोटभर. "हातभर असतं तर मांजर आत गेलं असतं," तिसरी म्हणाली, आणि पुन्हा मापणं सुरू झालं. नणंद उत्तर सांगायला तोंड उघडायची; बाई लांबूनच डोळे वटारायची. शेवटी माप जुळलं, शिपायानं जुन्या बाकाची फळी कापून ठोकली आणि दार चौकटीत बसलं.

तेवढ्यात साहेब आले. वर्ग रिकामा बघून ते इकडे वळले होते; त्यांच्यामागून आलेले हेडमास्तर पांढरेफटक.

"नमुन्यात हे नव्हतं," साहेब म्हणाले.

नणंद सांगायला पुढे सरकली. पण तिच्याआधीच एक बारकी पोर पुढे झाली, कुणाकडे न बघता आत शिरली. कडी खटकन लागली. साहेब तिथंच उभे. आतून आवाज आला, "साहेब, लांब व्हा ना!"

साहेब चार पावलं मागे सरले. खालची नवी फळी न्याहाळत त्यांनी नणंदेला विचारलं, "माप पोरींनी काढलं?"

"हो साहेब. दोनदा चुकून."

"पाठ झाला म्हणायचा." मग त्यांचा चेहरा उजळला. "पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांत दार बसवण्याचा…"

"साहेब," बाई म्हणाली, "मग आधी सगळ्यांना दारं मोडावी लागतील."

साहेबांनी खाकरून घड्याळ पाहिलं. नणंद पदरानं घाम पुसत होती, की हसू लपवत होती, कोण जाणे. बाई ते बघायला थांबली नाही. तिच्या शाळेची घंटा इथवर ऐकू येत होती, आणि तिथल्या तिच्या वर्गाबाहेरचा नळ कालपासून गळत होता. जाता जाता तिनं शिपायाकडून एक रिकामा डबा मागून पिशवीत टाकला.