दुसरी पुडी

"दोन्ही पुड्या तुलेच चारल्या ना मी? मग आता माह्या पोराच्या नावानं काऊन ओरडतेस?" रहमतबीनं सुपातले तांदूळ जोरात पाखडले.

"दुसरी यांची होती, अम्मी." निशातनं नवऱ्याकडे, मुबीनकडे, बोट दाखवलं.

"त्याले काय झालं? कूस तुही बंद आहे."

निशात आरमोरीत घरोघर बांगड्या विकायची. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा बायका तिच्याकडूनच घेत, गर्भारणीच्या हातात भरायला मात्र दुसरीला बोलावत. लग्नाला सहा वर्षं झाली होती. ओटीपोटात कळा येऊ लागल्या तेव्हा ती गडचिरोलीला दवाखान्यात गेली. संबंधातून लागलेला रोग आहे, अंगात राहिला तर गर्भनळ्या बंद होतात, दोघांनी एकाच वेळी गोळ्या घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मुबीन बांबूच्या ट्रकवर गेलेला. रहमतबीनं त्याचीही पुडी सुनेलाच दिली. निशातनं मुकाट्यानं खाल्ली; दोष आपलाच, हे तेव्हा तिलाही पटलेलं होतं.

कळा थांबल्या. मुबीन घरी आला, महिनाभरात पुन्हा सुरू झाल्या. आज डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, नवऱ्यानं घेतल्या का?

"सिरोंच्याची इकरा पाहून ठेवली आहे मी," रहमतबी म्हणाली. "ईद झाली की निकाह."

निशात मुबीनसमोर जाऊन उभी राहिली. "तिलेबी हेच देणार का?"

मुबीनच्या कपातला चहा थंड झाला होता. "अम्मी," तो खाली बघत म्हणाला, "लघवीले जळजळते मले. लय दिवसांपासून."

सूप थांबलं.

"तू बोलला काऊन नाई रे?"

"काय सांगू?"

"कुठून आणलं ते मी आज विचारत नाई," निशात म्हणाली. "बाई म्हणल्या, अजून आशा आहे. पण एकटीच्या गोळ्यांनी होणार नाई."

रहमतबी सुपातला खडा उगाच शोधत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्या गोळ्या उपाशीपोटी नको देऊ त्याले. मळमळते."

निशातनं बांगड्यांची टोपली उचलून फळीवर ठेवली.

"उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं गडचिरोलीले जातो. बाई बरं म्हणत नाई तोवर माही गादी अम्मीच्या खोलीत. सिरोंच्याले नाई म्हणून कळवा."