जग बुडाल्यावर मंदाताई

पाटणकर बाजारामागे राहणाऱ्या मंदाताईंना सिनेमात घेतलं, आणि घरादाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शहरातल्याच हजीरा भागातल्या बंद गिरणीत शूटिंग होतं. गोष्ट अशी, की जग बुडालंय आणि मोजकी माणसं वाचलीत. दिग्दर्शक हेमेंद्र मुंबईहून आलेला, त्याला वाचलेल्यांत प्रत्येक प्रांताचं एकेक माणूस हवं होतं. "अब तक सिर्फ़ एक तरह के लोग बचते थे, माँजी," तो म्हणाला. वाचायचं तर सगळ्यांनीच वाचावं, हे मंदाताईंना पटलं.

घोडं अडलं ते लुगड्यावर. कपड्यांच्या बाईंनी नऊवारी आणि ठसठशीत नथ पुढे केली. मंदाताईंचं घराणं पिढ्यान् पिढ्या इकडे उत्तरेत राहिलेलं; घरात चंदेरी साडी आणि डोक्यावर पदर. "ऐसे तो आप मराठी लगेंगी ही नहीं," बाई म्हणाल्या. मंदाताई आरशात बघत राहिल्या. जन्मभर मराठी असून आपण तशा दिसत नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांना पोचवायला थोरले दीर महिपतराव आले होते. त्यांच्या मिशा बघून हेमेंद्रने त्यांना जागच्या जागी राजपूत ठाकूर करून टाकलं. ढिगाऱ्याखाली पडलेल्या या ठाकुराचा हात धरून, डोळ्याला डोळा देऊन मंदाताईंनी म्हणायचं होतं, "ऊठ. आपण अजून आहोत." सिनेमाभर त्यांना तेवढंच वाक्य. ते त्यांनी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर आवाज चढवून इतकं घोकलं होतं, की नात सोनिका झोपेत तेच बडबडू लागली होती.

पण महिपतरावांशी त्या लग्न होऊन आल्यापासून कधी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. "सोनिका, आजोबांना विचार, चहा घेऊन घेतील का," अशी रीत. महिपतरावांचंही तसंच. कॅमेरा सुरू झाला, ढिगाऱ्यातून त्या मिशा दिसल्या, आणि मंदाताईंचा हात आपोआप पदराकडे गेला. नजर खाली. "त्यांना म्हणावं, उठा," त्या शेजारी उभ्या असलेल्या, वाचलेल्यांतल्याच बंगाली मास्तरांना म्हणाल्या.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"माँजी, दुनिया ख़त्म हो चुकी है," हेमेंद्र काकुळतीला आला. "अब किससे परदा?"

"बाक़ी सब गए होंगे, भैया. जेठजी तो सामने पड़े हैं."

हेमेंद्र डोकं धरून बसला. शेवटी वाक्य त्या मास्तरांना गेलं, नथ काढली, मंदाताईंना चंदेरी नेसवून पदरासकट मागे उभं केलं. घरी येताना रिक्षात त्यांना रडू आलं. जग बुडालं तेव्हा आपणही होतो, हे आपल्या तोंडून सांगायची एवढी एकच वेळ होती, आणि ती त्यांच्याच हाताने गेली. हाताला तरी काय बोल लावणार?

सिनेमा आला. दिवाणखान्यात टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला. सोनिका मोबाइलवर लोकांचं लिहिलेलं वाचू लागली. "आजी, लोग तुझी तारीफ़ करून राहिलेत. लिहिलंय, पीछेवाली राजस्थानी दादी किती असली वाटते. और मराठी कोई क्यों नहीं बचा, म्हणून भांडताहेत."

मंदाताई गोंधळल्या. ठाकूर मराठा, राजस्थानी दादी मराठा, आणि मराठी कुणीच वाचलं नाही म्हणतात. मग आत्ता इथे बसलंय ते कोण? त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. चहाची वेळ टळून गेली तरी त्या तशाच बसल्या होत्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून महिपतराव खाकरले. सोनिकाने निरोप न्यायला मान वर केली, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

"मंदा," ते म्हणाले, "ऊठ. आपण अजून आहोत."

मंदाताईंचा हात पदराकडे गेला आणि वाटेतच थांबला.