उरलेल्या गोळ्या

“मलेरिया ट्रॉपिका,” इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मलेरियातला सगळ्यात धोकादायक प्रकार. जंतू तुमच्या नवऱ्याच्या लाल पेशींत शिरून भराभर वाढतायत. किडनीवर परिणाम दिसतोय. आम्ही त्यांना आयसीयूत हलवतोय.”

मी रडले नाही. “सोमवारपासून मी हेच सांगतेय!” असं ओरडले. त्या दिवशी शुक्रवार होता.

आम्ही मूळचे नगरचे, आता युरोपात, डच लोकांच्या देशात, युट्रेख्टला राहतो. माझा नवरा प्रकाश इथे इंजिनियर आहे. चर्चच्या गटाबरोबर तो, मी आणि आमची मुलगी रेचल उत्तर घानातल्या एका खेड्यात सेवेसाठी गेलो होतो. तिथल्या शाळेत प्रकाशने सोलरवर चालणारा पाण्याचा पंप बसवला. आम्ही दोघींनी भिंती रंगवल्या, मुलांबरोबर गाणी म्हटली. तिथे एकदा रेचलला कणकण आली, तर आरोग्यकेंद्रात आधी तिच्या बोटाला सुई टोचली आणि मग नाव विचारलं. मलेरिया नव्हता. थोड्याच वेळात आम्ही निश्चिंत होऊन परत निघालो होतो.

आणि इथे, एवढ्या पुढारलेल्या देशात, एक थेंब रक्त कोणी तपासेना.

परतून दोनेक आठवडे झाले आणि प्रकाशला हुडहुडी भरली. हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याने पाठवल्याशिवाय हॉस्पिटल सहसा दारात उभं करत नाही. सोमवारी सकाळी मी फोन लावला, पहिल्याच वाक्यात घाना सांगितलं. असिस्टंट म्हणाली, “पेशंटशीच बोलू द्या.” हा ताप असा लबाड, की संध्याकाळी माणसाला गदागदा हलवायचा आणि सकाळी उतरायचा. मी फोन दिला तेव्हा प्रकाश टोस्ट खात होता.

“तसं बरंय आता,” तो म्हणाला.

इथे राहून त्याला ही सवयच लागलीय. आपण उगाच आरडाओरडा करणारे भारतीय वाटू नये, म्हणून पाय मोडला तरी हा म्हणेल, जरा लचकलाय.

“मलेरिया होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या घेतल्या होत्या?”

“हो, घेतल्या.”

“मग फ्लू असेल. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या.”

बुधवारी पुन्हा तेच. मी रक्ततपासणी मागितली, तर गोळ्या घेतल्यात म्हणजे शक्यता कमी, असं उत्तर मिळालं. गुरुवारी समक्ष गेलो. हाउसआर्ट्सने घसा पाहिला, छाती तपासली. सकाळ होती, त्यामुळे ताप नव्हताच. “सोमवारपर्यंत वाट बघू,” तो म्हणाला. बाहेर वेटिंग रूममधली झाडाची कुंडी उचलून आपटावी असं मला वाटलं. प्रकाश मलाच म्हणाला, “तू फार पॅनिक होतेस गं.”

शुक्रवारी दुपारी तो बाथरूममध्ये कोसळला. रेचलने आधी पाहिलं. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, आणि मला तो ‘आई’ म्हणून हाक मारत होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी मात्र कसलेही आढेवेढे घेतले नाहीत.

आयसीयूत नेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता ना? परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात.”

मी ठामपणे हो म्हटलं. मी आणि रेचलने घेतल्याच होत्या. बेडवर प्रकाशने डोळे उघडले आणि मान हलवली. नाही. विमानतळावर उतरल्या दिवसापासून त्याने बंद केल्या होत्या. मळमळतं म्हणून, आणि इथे कुठे आलेत डास म्हणून. मला त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

आठवडाभर मी ज्या असिस्टंटला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तिला माझ्याच माणसाने अर्धंच खरं सांगितलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ! शिरेतून आर्टेसुनेट, म्हणजे मलेरियाचे जंतू मारणारं औषध, सुरू झालं. काचेबाहेर बसून मी देवाला सांगत होते, याला वाचव, मला याच्याशी भांडायचंय. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

देवाने ऐकलं. रोज रक्त तपासायचे आणि रोज जंतू कमी होत गेले. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि नर्सेसचे उपकार मी विसरणार नाही. हाउसआर्ट्सनेही नंतर फोन करून सॉरी म्हटलं. गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो, हे मला हॉस्पिटलमध्ये कळलं. त्याला ते आधीच माहीत असायला हवं होतं, आणि हे मी त्याला फोनवर ऐकवलं.

तुम्ही अशा ठिकाणी जाऊन आलात आणि ताप आला, तर मलेरियाची तपासणी आजच हवी म्हणून हटून बसा. सकाळी उतरलेल्या तापावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना सगळं खरं सांगा, निदान तुमच्या बायकोला तरी सांगा.

चर्चमध्ये कोणी विचारलं, की प्रकाश अजूनही म्हणतो, “थोडा ताप होता.” माझं डोकं फिरतं.

यंदा आम्ही पुन्हा त्याच गावी जाऊन आलो. पंप छान चाललाय. घरी आल्यावर रोज नाश्त्याला मी त्याच्या हातावर गोळी ठेवते. तो गिळतो. मग रेचल त्याच्यासमोर उभी राहून डचमध्ये फर्मावते, “पापा, तोंड उघड!” तो निमूटपणे आ करतो, जीभ वर करून दाखवतो. ती वाकून बघते, आणि तिचं बघून झालं की मी बघते.